मडमेचा पाव

शनिवारी संध्याकाळी मुन्शीकाका कोर्टातून परतले की गॅलरीत खुर्ची टाकून डोळे मिटून बसत. कुणी विचारलं, काय काका, आज काय केलंत, तर तसेच डोळे मिटून सांगत, "सकाळी एक खून केला. जेवणानंतर दोनदा हातभट्टी लावली. दमलो."

चाळीत नवीन राहायला आलेला माणूस हे ऐकून दचके. आम्ही जुने लोक दचकत नसू. काका पोलीस कोर्टात दुभाषी होते. साक्षीदार किंवा आरोपी मराठीत बोलला की तेच इंग्रजीत मॅजिस्ट्रेटला सांगायचं, हे त्यांचं काम. सांगताना 'तो म्हणतो' असं म्हणायचं नाही, सरळ 'मी' म्हणायचं. आरोपी म्हणाला, मी सुरा मारला, की काकांनीही म्हणायचं, मी सुरा मारला. दिवसभर असं दहा माणसांचं 'मी' होऊन माणूस घरी आला की त्याच्यात स्वतःचं फारसं काही शिल्लक राहत नसावं. निदान काकांकडे बघून तसं वाटे. बोलणं कमी. काही विचारलं तर आधी थांबत, जणू प्रश्न कुठल्या भाषेत आलाय ते बघतायत, आणि मग अगदी मोजकं उत्तर देत.

गिरगावातल्या आमच्या चाळीत ते तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. लग्न केलं नव्हतं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या खोलीखाली. आई, धाकटा भाऊ आणि मी. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. भाऊ एका छापखान्यात खिळे जुळवायचा आणि मी परळच्या हॉस्पिटलात नर्स होते. नव्या नर्सेसच्या वाट्याला रात्रपाळ्या जास्त येत. त्या वर्षांतलं मला आठवतं ते सगळं अर्धवट झोपेतलं आहे. मोर्चे, सभा, संचारबंदी, भिंतीवर चुन्याने लिहिलेल्या घोषणा, आणि या सगळ्यातून सकाळच्या ट्राममध्ये पेंगत घरी येणारी मी. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीबद्दल आता लोक मला मोठ्या उत्साहाने विचारतात. त्या दिवसांत तुम्ही काय करत होतात? मी सांगते, जखमा धूत होते आणि झोप येत होती.

काकांच्या सांगकामाची गंमत मात्र सांगितली पाहिजे. चाळीत नळावरून दोन बायकांचं वाजलं होतं आणि महिनाभर अबोला होता. एकीने काकांना गाठून सांगितलं, तिला माझा निरोप द्या. काका गेले, दारात उभे राहिले, आणि "मी तुझ्यासारखी सटवी जन्मात पाहिली नाही, माझी बादली मुकाट्याने परत कर" हे वाक्य निरोप देणारीच्याच ठसक्यात, हात कमरेवर ठेवून म्हणाले. धोतर, काळा कोट, कपाळावर चष्मा असा तो गृहस्थ स्वतःला बाई समजून भांडतोय हे बघून ती दुसरी आधी अवाक् झाली आणि मग हसत सुटली. तिने दिलेला उलटा निरोपही काकांनी तसाच पोचवला. तिसऱ्या फेरीला बादली परत गेली. काकांना हसण्यासारखं त्यात काही दिसलं नव्हतं. निरोप दिला तसा पोचवला, एवढंच ते म्हणाले.

रविवारी मात्र ते कुणाचंच बोलत नसत. रविवारी ते पाव करत.

ही त्यांची तऱ्हा तरुणपणापासूनची. दुभाषी होण्याआधी ते साहेबलोकांना मराठी शिकवायचे, म्हणून तर चाळीत त्यांना मुन्शी म्हणत. भायखळ्याला मिशनच्या बंगल्यात एक म्हातारी स्कॉटिश बाई त्यांच्याकडे शिकायची. धडा सकाळी लवकर सुरू होई आणि लांबत जाई. संपेपर्यंत न्याहारीची वेळ टळून गेलेली आणि जेवणाला अवकाश. तेव्हा ती स्वतः उठून साखर जाळून त्यात फळ परते आणि ते भाजलेल्या पावावर घालून मुन्शीला खायला देई. ब्राह्मणाच्या पोराने मिशनमध्ये पाव खाल्ला म्हणून त्यांच्या घरी मोठा गहजब झाला म्हणे. काकांनी घर सोडलं, पाव सोडला नाही. चाळीने त्या पदार्थाचं नाव 'मडमेचा पाव' ठेवलं होतं. काकांना ते पसंत नव्हतं, पण दुसरं नाव त्यांनीही कधी दिलं नाही.

रविवारी अकराच्या सुमाराला त्यांच्या खोलीचं दार उघडं राही आणि जो येईल त्याला पाव मिळे. मी पाळी संपवून, आंघोळ करून तिसऱ्या मजल्यावर जाई तेव्हा स्टोव्ह पेटलेला असे. त्यांच्याकडे जाड बुडाची एक लोखंडी कढई होती. ती तापली की त्यात नुसती कोरडी साखर पसरत. पाणी नाही, चमचा नाही. साखर विरघळायला लागली की खोलीत कुणी बोलायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. कडेकडेने साखर ओली होई, मग मधासारखी, मग कोऱ्या चहासारखी. काका कढई फक्त कलती करत राहत. नेमक्या वेळी लोण्याचा गोळा पडे, सगळं फसफसून वर येई, चिमूटभर मीठ, आणि मग उभी चिरलेली वेलची केळी, चिरलेली बाजू खाली. अननसाच्या दिवसांत अननस. शेवटी लिंबाचे चार थेंब. इराण्याकडचा आदल्या दिवशीचा पाव शेजारच्या तव्यावर लोण्यात भाजून तयार असे. ताजा पाव त्यांना चालत नसे. ताजा पाव पाघळतो, म्हणत.

क्षणभर उशीर झाला तर साखर कडू होई. तशी झाली की ते सगळं फेकून पहिल्यापासून सुरुवात करत. आम्ही ताटल्या घेऊन बसलेलो. घाई करण्याची कुणाची छाती नव्हती.

मी ते खाई आणि खाली येऊन संध्याकाळपर्यंत मेल्यासारखी झोपे. आई कधी वर गेली नाही. सोवळ्यातली नव्हती ती, पण परक्या पुरुषाने रांधावं आणि बायकांनी बसून खावं हे तिला पटत नसे. काकांबद्दल तिला आदर होता. त्यांच्यापाशी आपल्या मुलाबद्दल तक्रारी करी, तेही ऐकून घेत.

एका मोर्च्याच्या दिवशी दगडफेक झाली, लाठ्या चालल्या आणि माझ्या भावाला पोलिसांनी पकडलं. आरोप दोन होते. बंदी मोडून जमाव केला हा एक. दुसरा फार वाईट होता. दगड मारून एका हवालदाराचं डोकं फोडलं, असा. वकील म्हणाला की दुसरा सिद्ध झाला तर पोरगा काही वर्षं आत जाईल आणि बाहेर आल्यावर त्याला कुणी नोकरी देणार नाही. आईने त्या दिवसापासून अन्न सोडल्यासारखंच केलं.

खटला काकांच्याच कोर्टात लागला. मॅजिस्ट्रेटला मराठी येत नव्हतं. आरोपी आपल्या चाळीतला आहे हे काकांनी त्यांना आधीच सांगितलं होतं. दुसरा दुभाषी रजेवर होता, त्यामुळे तुम्हीच करा, असं त्यांना सांगण्यात आलं. हे कळलं तेव्हा आईच्या जिवात जीव आला. काका कोर्टातून आले आणि ती जिन्यातच त्यांना आडवी गेली. मी पाळीला निघाले होते, म्हणून मला ते ऐकायला मिळालं.

"तुम्ही त्याला चड्डीत असल्यापासून बघताय," आई म्हणाली. "तो तापट आहे, काहीतरी बोलून बसेल. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर कुणाला कळणार आहे?"

काका नेहमीसारखे थांबले. मग म्हणाले, "वहिनी, कोर्टात हे तोंड माझं नसतं. उद्या ते त्याचं असेल. काय बोलायचं ते त्याला सांगा. मला सांगू नका."

आई कठड्याला धरून उभी राहिली. काका वर गेले. त्यांची पावलं नेहमीपेक्षा सावकाश पडत होती.

दुसऱ्या दिवशी मी पाळीवरून तशीच कोर्टात गेले. चाळीतले बरेच जण आले होते. आधी त्या हवालदाराची साक्ष झाली. डोक्याला अजून पट्टी होती. उतारवयाचा माणूस, आमच्या वॉर्डातल्या कुठल्याही पेशंटसारखा थकलेला. सरकारी वकिलाने विचारलं, आरोपीच्या हातात दगड होता का? होता, तो म्हणाला. त्यानेच तुम्हाला मारलं? हवालदार खाली बघून पुटपुटला, "लागला तो कुणाचा ते मी बघितलं नाही. मान खाली होती. याचं नाव घे म्हणाले, म्हणून घेतलं."

सरकारी वकिलाने ते ऐकलं असावं, कारण तो लगेच पुढचा प्रश्न विचारायला लागला. काकांनी हात वर केला. पुटपुटलेलं ते सगळं वाक्य त्यांनी मॅजिस्ट्रेटला इंग्रजीत सांगितलं, त्याच पडलेल्या आवाजात. वकील चिडला. साक्षीदार स्वतःशी काहीतरी बडबडला, ती साक्ष नव्हे, असं म्हणायला लागला. काका म्हणाले की साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून जे बोलला ते कोर्टाला सांगणं माझं काम आहे. मॅजिस्ट्रेटने ते लिहून घेतलं.

मग माझ्या भावाला विचारलं. दगड उचलला होतास? तो मान ताठ करून म्हणाला, "उचलला होता. मारायलाच उचलला होता. मग या हवालदाराचं तोंड बघितलं. आमच्या मामासारखा दिसला. टाकून दिला."

काकांनी इंग्रजीत सांगितलं, मी दगड मारण्यासाठीच उचलला होता. पुढचंही सांगितलं, मामासकट. पण चाळीतल्या लोकांना एवढंच ऐकू आलं की आमच्या पोराचा गुन्हा मुन्शीने आपल्या तोंडाने साहेबापुढे कबूल केला.

हवालदाराच्या त्या वाक्यामुळे डोकं फोडल्याचा आरोप टिकला नाही. बंदी मोडल्याबद्दल भावाला तीन महिन्यांची शिक्षा झाली. मी घरी येऊन आईला सगळं जसं घडलं तसं सांगितलं. काकांनी ते पुटपुटणं सांगितलं नसतं तर तो वर्षानुवर्षं आत गेला असता, हे परत परत सांगितलं. आई म्हणाली, "तू रात्रभर जागलेली. डुलक्या घेत काय ऐकलं असशील ते." चाळीतही मी सांगून बघितलं. लोकांना राग कुणावर तरी काढायचा होता. सरकार लांब होतं, मुन्शी तिसऱ्या मजल्यावर होता.

त्या रविवारी काकांच्या दारात कुणी फिरकलं नाही. मी गेले. आईने जाऊ नको म्हणून सांगितलं होतं, तरी गेले. फार मोठं धैर्य वगैरे नव्हतं त्यात. मला भूक लागली होती, आणि खरं काय घडलं ते मी बघितलं होतं. काकांनी नेहमीइतकाच पाव कापून ठेवला होता. ताटल्या मांडलेल्या होत्या. साखर विरघळताना गप्प बसा म्हणायला खोलीत कुणी नव्हतं, तरी ते स्वतः ओठ मिटून कढई कलती करत राहिले. मला वाढलं. बाकीचं झाकून ठेवलं. संध्याकाळी ते झाकलेलं तसंच होतं, ते त्यांनी खाली रस्त्यावर भीक मागणाऱ्या बाईला नेऊन दिलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेवढाच पाव कापला.

एकदा मी त्यांना म्हटलं, हवालदार काय बोलला ते तुम्हीच लोकांना का सांगत नाही? तुमचं ऐकतील. ते म्हणाले, "ते माझं वाक्य नव्हतं. त्या हवालदाराचं होतं. त्याला ते फार महाग पडलं असेल." आणि थोड्या वेळाने, कढई घासता घासता म्हणाले, "मी कुठल्या बाजूचा, असं मला सगळे विचारतात. राज्य मलाही हवंय. पण कोर्टात मला ते हवं असून चालत नाही." एवढं लांबलचक, स्वतःबद्दलचं बोलणं मी त्यांच्याकडून पहिल्यांदाच ऐकलं. ते बोलल्यावर ते इतके दमलेले दिसले की मी कढई त्यांच्या हातातून घेतली.

भाऊ सुटून आला. बारीक झाला होता, केस कापले होते. चाळीने ओवाळलं, हार घातला. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की मी बोललो तेच काका बोलले, त्यात त्यांचं काही नव्हतं. आई म्हणाली, मग तू तसं बोलायलाच नको होतंस. त्या रविवारी तो माझ्याबरोबर वर आला आणि त्याने चार पाव खाल्ले. हळूहळू बाकीचेही यायला लागले. कुणी चुकलो म्हणालं नाही. रागावून राहायलाही अंगात जोर लागतो, आणि त्या वर्षांत सगळेच दमलेले होते. आई मात्र काकांशी बोलत नसे. जिन्यात दिसले तर भिंतीकडे तोंड करून उभी राही. काका "वहिनी" म्हणून थांबत, उत्तराची वाट बघत आणि पुढे जात.

काका निवृत्त झाले. त्यानंतर काही महिन्यांत राज्य झालं, चाळीवर दिव्यांच्या माळा लागल्या, पेढे वाटले गेले. आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या घरमालकाने आम्हाला खोलीतून काढायला दावा लावला. भाडेकरू तुमचा नवरा होता, तो गेला, आता खोली सोडा, असं त्याचं म्हणणं. आईला साक्षीला उभं राहावं लागणार होतं. कोर्टाची पायरी चढण्याच्या नुसत्या विचाराने तिला ताप भरला.

कोर्टातला दुभाषी तरुण होता, झटपट होता. खोलीत तुम्ही कधीपासून राहता, असं आईला विचारलं. आई बोलायला लागली आणि बराच वेळ बोलत राहिली. लग्न होऊन आले तेव्हापासून, कुठल्या कोपऱ्यात चूल होती, कुठे पाळणा बांधला होता. तिचं संपल्यावर त्या तरुणाने इंग्रजीत एक छोटं वाक्य टाकलं आणि कागद खाली ठेवला.

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग जजसाहेबांकडे वळली. "मी एवढं बोलले आणि यांनी एवढंसंच सांगितलं," ती म्हणाली. "बाकीचं कुठे गेलं? आमच्या चाळीत मुन्शीकाका आहेत. त्यांना बोलवा. ते येईपर्यंत मी बोलायची नाही."

कोर्टात हशा पिकला. आमचा वकील घाईघाईने उठून माफी मागायला लागला. जजसाहेब वयस्क होते, त्यांना राग आला नाही. त्यांनी पुढची तारीख दिली आणि म्हणाले, आणा तुमच्या काकांना.

निरोप द्यायला मी गेले. काकांनी ऐकून घेतलं. विचारलं, "त्या स्वतः असं म्हणाल्या?" मी म्हटलं, भर कोर्टात. ते उठले, खुंटीवरचा काळा कोट काढून झटकला आणि परत अडकवला.

तारखेला ते आईच्या पिंजऱ्याशेजारी उभे राहिले, शपथ घेतली. आई त्यांच्याकडे न बघता बोलत होती. सावकाश, वाक्यावाक्याला थांबत. "या खोलीत मी लग्न होऊन आले," ती म्हणाली. काका इंग्रजीत म्हणाले, या खोलीत मी लग्न होऊन आले. "इथेच माझी दोन मुलं झाली." त्यांनी तेही सांगितलं. "इथेच पूर्वेच्या खिडकीखाली माझा नवरा गेला. पाणी मागितलं, मी तांब्या आणेपर्यंत गेला." काळ्या कोटातला तो एकटा राहिलेला म्हातारा माणूस तिच्याच आवाजाच्या पट्टीत म्हणाला, माझ्या नवऱ्याने पाणी मागितलं, आणि मी तांब्या आणेपर्यंत तो गेला. या वेळी कोर्टात कुणी हसलं नाही. तांब्या म्हणताना त्यांचा आवाज आईच्या आवाजाइतकाच थरथरला. आईने तेव्हा पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

खोली आमच्याकडे राहिली.

त्यानंतरच्या रविवारी मी पाळीवरून आले तर आई नऊवारीचा पदर खोचून दारात उभी होती. चल, म्हणाली, आणि माझ्या पुढे तिसऱ्या मजल्याचा जिना चढायला लागली. काकांच्या खोलीत चाळीतली तीन-चार माणसं बसली होती. ती सरकली. आई भिंतीला टेकून बसली. काकांनी काही विचारलं नाही. साखर पसरली. सगळे गप्प झाले. मी इतकी झोपेला आले होते की कढईतला रंग पालटताना मला दोन-दोन कढया दिसत होत्या. पहिली खेप त्यांच्या हातून कडू झाली. ती त्यांनी फेकली आणि परत सुरुवात केली. मग केळी, लिंबू, पाव. पहिली ताटली आईपुढे ठेवली आणि ते चिमटा हातात धरून तसेच उभे राहिले.

आईने तुकडा मोडला, खाल्ला. दुसरा खाल्ला. खोलीतले सगळे तिच्याकडे बघत होते.

"कसं झालंय, वहिनी?" काकांनी विचारलं.

आईने पदराने ओठ पुसले. "पाव चांगला आहे," ती म्हणाली. "केळंही चांगलं आहे. पण दोन्ही मिळून मला नाही आवडलं. फार गोड आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र तिच्याकडे बघत होते, आणि बघता बघता हसायला लागले. खांदे हलवून, चष्मा काढून. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना चाळीत कुणी पाहिलं नव्हतं.

"हसताय काय," आई म्हणाली. "खरं तेच सांगितलं."

"म्हणूनच," काका म्हणाले. त्यांनी डोळे पुसले, स्टोव्ह बारीक केला आणि आईसाठी बिनसाखरेचा चहा ठेवला.